माणूस गेला, त्याचे काम कुठे लिहिले?

गावातल्या विकास सोसायटीचा किंवा पतसंस्थेचा वार्षिक अहवाल उघडला की ताळेबंदाच्या आधी एक परिच्छेद ठरलेला असतो. अहवाल सालात दिवंगत झालेले नेते, शहीद जवान, आपत्तीत बळी पडलेले नागरिक आणि संस्थेचे ‘ज्ञात-अज्ञात’ सभासद व हितचिंतक यांना भावपूर्ण श्रद्धांजली. सभेत सगळे उभे राहतात, शांतता पाळतात, मग पहिला विषय पुकारला जातो. यातला आदर खरा असतो, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या माणसाचा सभासद क्रमांक, भागांची रक्कम आणि पीककर्जाचा एकेक हप्ता संस्थेच्या खतावणीत उतरलेला आहे, तो त्याच संस्थेच्या अहवालात अज्ञात का राहावा? माझे म्हणणे एवढेच आहे की गावाने, वाडीने, चाळीने आपल्या गेलेल्या माणसांची नोंद त्यांच्या कामानिशी ठेवली पाहिजे, आणि ते काम पाहिलेली माणसे हयात आहेत तोवरच ती लिहून काढली पाहिजे.

आज आपण नोंद ठेवतो ती नात्यांची आणि पदांची. वर्तमानपत्रातली निधनवार्ता पाहा. नाव, वय, ‘वृद्धापकाळाने’ किंवा ‘अल्पशा आजाराने’, पश्चात पती, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार. बाई असेल तर शेवटचे वाक्य हमखास येते: अमुक पंचायत समिती सदस्यांच्या त्या मातोश्री होत. जिने चाळीस पावसाळे चिखलात उभे राहून भाताची लावणी केली, वाडीतल्या निम्म्या बाळंतिणींना तेल लावून शेकले, तिची ओळख मुलाच्या पदावरून करून दिली जाते. चौकातल्या फलकावरही तेच. फोटो, दशक्रियेची वेळ, घाटाचे नाव आणि खाली शोकाकुल मंडळींची लांबलचक यादी. जिवंत माणसांचे गेलेल्याशी काय नाते होते हे त्यातून नीट कळते. गेलेल्याने आयुष्यभर काय केले, हे कळत नाही.

सरकारी दप्तराची रचना तर याहून बोलकी आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा. मृत्यूची खबर 21 दिवसांत द्यायची असते. त्यासाठी वर्षानुवर्षे वापरात असलेल्या नमुन्याचे दोन भाग आहेत. नाव, तारीख, ठिकाण यांचा कायदेशीर भाग स्थानिक नोंदवहीत लागतो. व्यवसाय, मृत्यूचे कारण, तंबाखू किती वर्षे खाल्ली, विडी किती वर्षे ओढली, हा भाग वेगळा काढून सांख्यिकीसाठी वर पाठवला जातो. व्यवसाय नसेल तर ‘नाही’ लिहावे, अशी सूचनाही त्यात आहे. म्हणजे गावाच्या नोंदवहीत माणसाचे नाव राहते आणि त्याचा धंदा नावापासून सुटून आकडेवारीत मिसळतो. आकडेवारीसाठी ही पद्धत योग्यच आहे, तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण सरकारने जे जपले नाही ते जपायची जबाबदारी मग गावावर येते, आणि गावाने ती घेतलेली नाही.

ही उणीव आजची नव्हे. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. तो मेला कसा हे दगड सांगतो, पण बहुतेक वीरगळांवर नावही नाही. मंगळवेढ्याचे उदाहरण मला याहून अस्वस्थ करते. गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले, शके 1260 मध्ये, म्हणजे 1338 साली, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. चोखोबांमागे त्यांचे अभंग होते आणि नामदेवांसारखा सोबती होता. त्याच कुसाखाली त्यांच्याबरोबर जे मजूर दबले, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याजवळ नाही. मरण एकच, काम एकच, पण ज्याच्यामागे सांगणारा होता तोच उरला.

घरचे लोक आठवण ठेवतातच की, असे कोणी म्हणेल. ठेवतात, पण श्राद्धातला उच्चार बाप, आजा, पणजा इथवर जातो आणि तिथे थांबतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या त्याहून पुष्कळ मागे जातात. पिढ्यान्‌पिढ्यांची नावे, गाव, कुळ सारे त्यांत सापडते. तरीही ती वंशाची नोंद आहे. शिवाय माणसाचे काम घरापेक्षा बाहेरच्यांनी अधिक पाहिलेले असते. वायरमन रात्री कुठल्या डीपीवर चढला, पाणी सोडणाऱ्याने टंचाईत पाळी कशी सांभाळली, हे त्याच्या नातवाला सांगता येणार नाही. शेजाऱ्याला येईल.

सामान्य आयुष्यात लिहिण्याजोगे काय असते, हा आक्षेपही नेहमीचा. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलते करून जे पुस्तक उभे केले, ते ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावाने मराठीत आहे. साचे, चाळी, खाणावळी, संप यांचा इतिहास तिथे कामगारांच्या आणि त्यांच्या घरातल्या बायकांच्या तोंडून येतो. गावांना अशी संधी आत्ता आहे आणि ती फार दिवस राहणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडलेले आहेत. खडी फोडणारे, नालाबंडिंगवर माती वाहणारे, कामावर सुकडी खाऊन दिवस काढणारे हे लोक एकेक करून जात आहेत. ज्या पाझर तलावावर आज विहिरी तगून आहेत तो कोणी खणला, हे पुढल्या दहा-पंधरा वर्षांनी विचारायलाही कोणी उरणार नाही.

खरा कठीण आक्षेप वेगळा आहे. गेलेल्याबद्दल वाईट लिहू नये असा आपला संस्कार, त्यामुळे अशा नोंदी स्तुतीने भरतील, भावकीची आणि जातीची ओढाताण सुरू होईल. ही भीती रास्त आहे. म्हणूनच नोंद गुणांची नको, कामाची हवी. ‘प्रेमळ, मनमिळाऊ’ हे शब्द वगळून अमुक सालापासून अमुक सालापर्यंत काय केले, कुठे केले, कोणाकडून शिकले, कोणाला शिकवले एवढेच लिहावे. आजार, घरातली भांडणे, कर्ज हा घराचा खाजगी भाग, तो घरच्यांच्या मर्जीशिवाय उघडा करू नये. मात्र कामानेच जीव घेतला असेल तर ते लपवू नये. गटाराच्या भुयारात उतरून गुदमरलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले, आणि 2023 मध्ये ती दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तो त्या दिवशी कोणाच्या सांगण्यावरून कोणत्या कामावर होता, याची साक्ष नसेल तर हा हक्क कागदावरच राहतो.

लिहायचे कोणी, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. राज्यात अनुदानित सार्वजनिक वाचनालये दहा हजारांवर आहेत, प्रत्येकाकडे एक कपाट आणि निदान एक लिहिता माणूस असतो. तेराव्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी, दुःख थोडे निवल्यावर, सोबत काम केलेल्या दोघा-तिघांना विचारून एक पान भरता येते. ते घरच्यांना वाचून दाखवावे, चूक असेल ती दुरुस्त करावी, बाईचे माहेरचे नाव विसरू नये, आणि पान वहीत लावावे. सहकारी संस्थांना तर याहून कमी कष्ट आहेत, कारण अर्धी माहिती त्यांच्या दप्तरात आधीच आहे. वार्षिक सभेच्या नोटिशीत ‘दिवंगत सभासदांचा परिचय’ हा विषय घालायला ठरावाची वाट पाहावी लागत नाही. सचिवांनी तो या वर्षीपासून घालावा.