दहावं मूल कुठे गेलं?

‘भाबीजी घर पर हैं’मधला दरोगा हप्पू सिंग आमच्या सासूबाईंचा लाडका. पैसे उकळताना त्याचं रडगाणं ठरलेलं: घरी नऊ मुलं, त्यात बायको पोटुशी. मालिका २०१५ची, तेव्हापासून आपली पोटुशीच! २०१९मध्ये त्याची स्वतःची ‘हप्पू की उलटन पलटन’ आली. बायकोला राजेश हे नाव मिळालं, तोंड मिळालं. मुलं मात्र नऊच. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मग दहावं कुठे गेलं?”

लिहिणारे विसरले असतील. अमेरिकेतल्या ‘चिअर्स’मधला डॉक्टर फ्रेझर वडील वारले म्हणून सांगायचा. १९९३मध्ये त्याची वेगळी मालिका निघाली, तर वडील जिवंत, निवृत्त पोलीस! पुढे त्याने कबूल केलं, भांडण झालं होतं, रागात बोललो. द्रव्य तेच, पर्याय बदलतात, हे आपण स्वाध्यायात ऐकतो. पण स्वतः बदलणं वेगळं, आणि आपल्या सोयीसाठी दुसऱ्याला पोटुशी किंवा मेलेलं करणं वेगळं.

एकदा उधारीची मुदत वाढवून घ्यायला आमच्या ह्यांनी एका व्यापाऱ्याला माझं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं. तो इतवाऱ्यात भेटला. “भाभी, तब्येत कशी आहे आता?” मी गडबडले, “बरी आहे” म्हणाले. म्हणजे खोट्यात माझाही वाटा झालाच की. घरी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “तुझं काय बिघडलं त्यात?”

त्यांच्या दुकानातल्या बोलण्यात मी आणखी किती वेळा आजारी पडले, कोण जाणे. त्या व्यापाऱ्याला खरं सांगायचं अजून राहिलंच आहे.