सुट्टी मे महिन्यात, आइसलँड सप्टेंबरात

गोकाकचा धबधबा बघायला मे महिन्यात निघू, असं बेळगावच्या अनगोळात कुणी म्हणणार नाही. घटप्रभा भरते पावसाळ्यात. तेव्हाच 52 मीटरांवरून ते लालसर, गढूळ पाणी कोसळताना दिसतं. आंबोलीचंही तेच. ऋतू बघून निघावं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. बेत आइसलँडचा असला, की मात्र तोच माणूस आधी शाळेचं कॅलेंडर काढतो.

त्यात सीमाभागाची आणखी एक गंमत. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, कोल्हापूरच्या मावसभावंडांना दिवाळीची. इकडची उन्हाळी सुट्टी मेअखेर संपते, तिकडची जूनच्या मध्यापर्यंत चालते. दोन्ही घरं एकत्र निघणार ती मे महिन्यातच.

मग यादी तयार होते: नॉर्दर्न लाइट्स, बर्फाच्या गुहा, आतल्या पठारावरचे रंगीत डोंगर, पफिन पक्षी. यांतले मेमध्ये खात्रीनं भेटतात ते फक्त पफिन. रेक्याविक 64 अंश उत्तरेला आहे. तिथं मेच्या मध्यापासून रात्र धड काळी होत नाही, मग आकाशातला हिरवा प्रकाश दिसणार कसा? बर्फाच्या गुहांत शिरायचं ते थंडीत. लँडमनालाउगारसारख्या ठिकाणी नेणारे पठारावरचे रस्ते हिम वितळून उघडतात ते बहुधा जूनच्या अखेरीस.

अंतरांचा अंदाज 'दिलवाले'नं बिघडवला असावा. 2015 च्या त्या सिनेमातल्या 'गेरुआ' गाण्यात शाहरुख आणि काजोल काळ्या वाळूवरच्या मोडक्या विमानापाशी दिसतात आणि हिमनगांच्या सरोवरापाशीही. प्रत्यक्षात या दोन जागांमध्ये दोनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता आहे. देशाला वळसा घालणारा रिंग रोड सुमारे 1,300 किलोमीटरांचा. त्याला सातानं भागलं, की दिवसाला बेळगाव-कोल्हापूर जाऊन-येऊन होईल एवढंही अंतर येत नाही, आणि सगळे निर्धास्त होतात. वारा या भागाकारात धरलेला नसतो. वादळात हे रस्ते तासन्‌तास बंद ठेवतात. जुलै 2011 मध्ये, ऐन हंगामात, हिमनदीखालून आलेल्या पुरानं याच रस्त्यावरचा मूलाक्विस्ल नदीचा पूल वाहून नेला. नोव्हेंबर 2023 मध्ये ज्वालामुखीच्या भीतीनं ग्रिंडाविक हे अख्खं गाव रिकामं केलं आणि जवळच्या ब्लू लगूनचे दरवाजेही बंद झाले. अशा देशात सात दिवसांत सात मुक्काम ठरवणं हा निव्वळ हावरटपणा. एक-दोन दिवस मोकळे सोडावेत. पण पैसे मोजून रिकामा दिवस घ्यायचा, हे आपल्याकडच्या यात्राकंपनीच्या गिऱ्हाईकाला पटवणं कठीण.

पठारावरचे रस्ते अजून उघडे आणि रात्री पुन्हा काळ्या, असे काही आठवडे सापडतात ते सप्टेंबरात. तेव्हा शाळा जोरात चालू असतात आणि बहुतेक वर्षी गणपतीही त्याच सुमारास. गणपतीत बेळगाव सोडायचं, हे घरात सुचवणार कोण? त्यामुळे हा बेत खऱ्या अर्थानं जमतो तो मुलं मार्गी लागलेल्या निवृत्त जोडप्यांना, तोही चतुर्थी लवकर आली त्या वर्षी. आइसलँडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो; विसर्जनाची तारीख बघून त्यांनी मार्चमध्येच कागदपत्रं जमवायला घ्यावीत.