काचेच्या पेटीतला समुद्र

अल्लाहने मानवाच्या ठायी सौंदर्याची ओढ निर्माण केली आहे आणि ती ओढ भागविणारी सृष्टीही निर्माण केली आहे. पवित्र कुरआनातील सूरह अन्-नहलमध्ये गुराढोरांचे उपयोग सांगताना त्यांच्या शोभेचाही उल्लेख येतो. सायंकाळी कळप घरी परततो आणि सकाळी चरायला निघतो, तेव्हाचे दृश्य मनाला सुखावते. त्याच सूरहमध्ये पुढे समुद्राविषयी सांगितले आहे की, त्यातून मानवाला खाण्यासाठी ताजे मांस मिळते आणि अंगावर घालण्यासाठी अलंकारही मिळतात. समुद्राकडून केवळ पोट भरावे, सौंदर्याची अपेक्षा धरू नये, अशी इस्लामची शिकवण नाही.

मात्र मोत्याला भूक लागत नाही. मोती पेटीत ठेवला आणि वर्षभर त्याचा विसर पडला, तरी त्याच्यावर अन्याय होत नाही. याउलट, शोभेसाठी आपण जेव्हा एखादा जिवंत जीव घरी आणतो, तेव्हा अलंकाराबरोबर एक हक्कदारही घरात पाऊल टाकतो. घराघरांत हौसेने मांडल्या जाणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांच्या निमित्ताने या हक्काचा विचार करणे अगत्याचे आहे.

गोड्या पाण्यातील शोभेचे मासे आपल्या परिचयाचे आहेत. गप्पी, गोल्डफिश, एंजल यांसारखे बहुतेक मासे मत्स्यशेतीतच जन्मलेले असतात. समुद्री मत्स्यपेटीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात प्रवाळ असतात, समुद्रफुले असतात, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश आणि पिवळेधमक टँग मासे असतात. हे जीव बहुतांशी थेट प्रवाळखडकांवरूनच पकडले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, या हौसेसाठी जगभरात दरवर्षी दोन कोटींहून अधिक सागरी मासे आणि एक कोटीहून अधिक प्रवाळ विकले जात होते. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात मासे पकडण्याची एक क्रूर रीत सुरू झाली आणि नंतर ती शेजारच्या समुद्रांतही पसरली. पाणबुडा खडकाच्या फटीत सायनाइड मिसळलेले पाणी मारतो. गुंगी आलेला मासा अलगद हाती लागतो, परंतु भोवतालचा प्रवाळ त्या विषाने मरू लागतो. मासा वाचला तरी त्याच्या शरीराला झालेली इजा कित्येकदा पुढे त्याचा जीव घेते. दिवाणखान्यातील एका रंगीत माशामागे अशी किती हानी दडलेली असते, हे खरेदी करणाऱ्याला दिसत नाही.

येथे कोणी विचारेल, “समुद्रातील शिकार तर अल्लाहने हलाल केली आहे. खाण्यासाठी मासा मारणे वैध असेल, तर पाहण्यासाठी तो जिवंत ठेवणे आक्षेपार्ह कसे?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, वैधतेला प्रयोजन असते. अन्न ही गरज आहे, शोभा ही गरज नव्हे. गरजेपोटी जे क्षम्य ठरते, ते हौसेपोटी तितक्याच सहजपणे क्षम्य ठरत नाही. चिमणीएवढ्या जीवालाही अकारण मारणाऱ्याला अल्लाहसमोर जाब द्यावा लागेल, अशा आशयाची हदीस आहे. शिवाय खाण्यासाठी पकडलेल्या माशाशी आपला संबंध लवकर संपतो. पाळलेल्या माशाशी तो त्या दिवशी सुरू होतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील तीन प्रसंग या संबंधाच्या मर्यादा स्पष्ट करतात. ह. अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याजवळ एक लहानसा पक्षी होता. प्रेषित (स.) त्या घरी येत, तेव्हा त्या बालकाशी थट्टेने, प्रेमाने त्या पक्ष्याची चौकशी करीत. पक्षी पाळणे वैध आहे, असा निष्कर्ष अनेक विद्वानांनी या हदीसवरून काढला. दुसऱ्या हदीसमध्ये एका स्त्रीचा उल्लेख आहे. तिने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. त्या कारणाने ती शिक्षेस पात्र ठरली. तिसरा प्रसंग प्रवासातला आहे. काही सहाबांनी एका पक्षिणीची पिले उचलली आणि ती व्याकूळ होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषितांनी (स.) ती पिले तिला परत करण्याचा आदेश दिला. पहिला प्रसंग परवानगी देतो. दुसरा त्या परवानगीला अट घालतो. तिसरा मात्र त्याही आधीचा प्रश्न विचारतो : हा जीव तुम्ही कोठून आणला आणि त्याला आणताना कोणाचे घर मोडले?

हा तिसरा प्रश्न किती गंभीर आहे, हे इंडोनेशियातील एका लहानशा माशाच्या कहाणीवरून कळते. सुलावेसी बेटाच्या पूर्वेला बंगाई नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील उथळ समुद्रात रुपेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके असलेला, बोटभर लांबीचा बंगाई कार्डिनल मासा राहतो. या माशाचे नैसर्गिक घर जवळजवळ संपूर्णपणे याच द्वीपसमूहापुरते मर्यादित आहे. त्याची मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरून ठेवतो. अंडी फुटून पिले स्वतः पोहू लागेपर्यंतच्या काही आठवड्यांत तो काहीही खात नाही. इतर बहुतेक सागरी माशांची पिले प्रवाहाबरोबर दूरवर जातात, ही मात्र जन्मस्थळाजवळच सी-अर्चिनच्या लांब काट्यांत आसरा घेतात. त्यामुळे एका खाडीतील मासे संपले, तर दुसरीकडून नवे येण्याची आशा फार थोडी असते. १९९० च्या दशकाच्या मध्यास हा मासा जगभरातील हौशी लोकांच्या नजरेत भरला आणि वर्षाकाठी लाखो मासे तेथून बाहेर जाऊ लागले. २००७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याची नोंद धोक्यात आलेल्या जातींमध्ये केली. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या शासनाने त्याला मर्यादित संरक्षण दिले.

त्याआधीच, २०१४ साली, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने दुर्मीळ प्राण्यांच्या संरक्षणाविषयी एक फतवा काढला होता. एखादी जात नष्ट होईल अशा प्रकारे, शरीअतला मान्य कारणाशिवाय प्राण्यांना मारणे, इजा करणे किंवा त्यांची शिकार करणे त्यात हराम ठरविण्यात आले. फतवा या एका माशापुरता नव्हता, परंतु त्यामागील तत्त्व येथेही तितकेच लागू पडते. कुरआनाने जमिनीवर चालणाऱ्या आणि हवेत उडणाऱ्या जीवांना मानवासारखेच समुदाय म्हटले आहे. एखादा समुदाय केवळ आपल्या भिंतीच्या शोभेपायी पृथ्वीवरून पुसला जावा, हे प्रतिनिधित्वाच्या कोणत्या अर्थात बसते?

येथे मानवी ज्ञानाने एक वाट दाखविली आहे. समुद्रातून जीव उचलण्याऐवजी पैदास केंद्रातच त्यांची वाढ करायची. क्लाऊनफिशच्या बाबतीत हे काही दशकांपूर्वीच साधले. हा मासा कठीण पृष्ठभागावर अंडी घालतो, नर त्यांना पंखांनी वारा घालत राखण करतो आणि सुमारे आठवडाभराने रात्रीच्या अंधारात पिले बाहेर येतात. ती इतकी सूक्ष्म असतात की, त्यांना भरविण्यासाठी आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव वाढवावे लागतात. टँग माशांची पिले याहूनही नाजूक असतात. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१५ मध्ये हवाईतील संशोधकांना पिवळा टँग आणि २०१६ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांना निळा टँग पैदास केंद्रात वाढविता आला. बंगाई कार्डिनलची पैदास तर तुलनेने सोपी आहे. अनेक जातींच्या प्रवाळांचे लहान तुकडे करून त्यांपासून नव्या वसाहतीही वाढविता येतात. पक्षिणीच्या पिलांचा जो प्रश्न होता, त्याचे हे बरेचसे समाधानकारक उत्तर आहे.

तरीही येथे थांबणे योग्य ठरणार नाही. ‘हा मासा समुद्रातून आणलेला नाही’ एवढ्याने आपण मोकळे झालो, असा समज होण्याचा धोका आहे. वस्तुतः जबाबदारी येथे वाढते. समुद्रातील माशाच्या उपजीविकेची व्यवस्था अल्लाहने समुद्रातच केली आहे. पैदास केंद्रात जन्मलेल्या माशाने समुद्र पाहिलेलाच नसतो. पाण्याची क्षारता, उष्णता, प्रकाश, अन्न, सारे काही त्याला मानवाच्या हातून मिळायचे असते. ज्याला आपण आपल्या इच्छेने परावलंबी जन्म दिला, त्याच्याबाबतीत मांजर कोंडणाऱ्या स्त्रीची हदीस अधिकच कठोरपणे लागू होते. आठ दिवस गावी जाताना दिव्याचे बटण बंद करावे, तशी या पेटीकडे पाठ फिरविता येत नाही.

इस्लामी विद्वानांनी या हक्कांचा विचार शेकडो वर्षांपूर्वी केला आहे. इसवी सनाच्या तेराव्या शतकातील थोर फकीह इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी मालकावर असलेले प्राण्यांचे हक्क नोंदविले आहेत. प्राणी म्हातारा किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाला, तरी त्याच्यावर खर्च करावा. त्याला इजा करतील अशा प्राण्यांबरोबर, मग ते त्याच्या जातीचे असोत वा दुसऱ्या, त्याला ठेवू नये. त्याच्या निवाऱ्याची काळजी घ्यावी आणि ऋतुकाळी नर-मादीला एकत्र येऊ द्यावे. त्यांच्यासमोर उंट आणि मेंढ्या होत्या, परंतु हे हक्क मत्स्यपेटीला जसेच्या तसे लावून पाहावेत. एकमेकांचे लचके तोडणारे मासे केवळ रंगसंगतीसाठी एकत्र ठेवणारा, किंवा रंग फिका पडला म्हणून माशाची हेळसांड करणारा, यांतील कोणता हक्क पाळतो?

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. बंगाईचा मासा परदेशातील पैदास केंद्रात तयार होऊ लागला, तर समुद्र वाचेल, पण त्या माशावर पोट असणाऱ्या गरीब बेटवासीयाचे काय? संरक्षणाचा सारा भार सर्वांत दुर्बल माणसावर टाकून श्रीमंतांची हौस निर्वेध चालावी, हा न्याय नव्हे. म्हणून जेथे मर्यादा पाळून, साध्या जाळीने मासे पकडले जातात आणि त्या उत्पन्नामुळे लोक स्वतः प्रवाळ जपतात, तेथील मासा सरसकट निषिद्ध मानता येणार नाही. याहून उत्तम मार्ग म्हणजे पैदासच बेटावर नेणे. आपल्या देशातील लक्षद्वीपमध्ये, जेथील बहुतेक सर्व लोकसंख्या मुस्लिम आहे, असा प्रयोग झाला आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने अगत्ती बेटावरील स्त्रियांना शोभेच्या सागरी कोळंबीचे संगोपन शिकविले. समुद्राचे रक्षण आणि घरातील मिळकत यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे त्यावरून दिसते. महाराष्ट्रातही नवी मुंबईतील ऐरोली येथे क्लाऊनफिशच्या पैदाशीचे काम सुरू झाले आहे.

तिसरी गोष्ट सचोटीची. पैदास केंद्रातला मासा आणि समुद्रातून पकडलेला मासा यांत सामान्य ग्राहकाला फरक ओळखता येत नाही. सारा व्यवहार विक्रेत्याच्या शब्दावर चालतो. धान्याच्या राशीत ओलावा लपविणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) ज्या शब्दांत फटकारले, ते येथे आठवावेत. ग्राहकानेही ‘मला काय ठाऊक’ असे म्हणून सुटू नये. मासा कोठे वाढला हे विचारणे आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिकाम्या हाती परतणे, हेही तक्वाचेच अंग आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे हा गुन्हा आहे. जिवंत प्रवाळ सहज मिळतो म्हणून तो वैध ठरत नाही.

चौथी गोष्ट दयेची आहे, पण ज्ञानासह असलेल्या दयेची. कंटाळा आला किंवा खर्च झेपेना, की मासे ‘मुक्त’ करण्याची कल्पना काहींना पुण्यकारक वाटते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात परक्या समुद्रातील लायनफिश प्रथम दिसला. पाळणाऱ्यांनी सोडलेल्या माशांपासून तो पसरला असावा, असे तज्ज्ञ मानतात. आज कॅरिबियन समुद्रात तो तेथील लहान मासे फस्त करीत आहे. अल्लाहने सृष्टीत जो तोल ठेवला आहे, तो अशा अजाण दयेने मोडतो. मासा सांभाळता येत नसेल, तर तो जाणकार माणसाच्या किंवा संस्थेच्या स्वाधीन करावा.

अखेरचा विचार खर्चाचा. खाऱ्या पाण्याची पेटी उभी करणे आणि राखणे हे महागडे काम आहे. पाहुण्यांसमोर ऐट मिरविणे एवढाच हेतू असेल, तर तो इस्राफ आहे, मग मासे कोठेही जन्मलेले असोत. मात्र आपल्या मुलांनी निर्मात्याची कलाकुसर जवळून पाहावी, एका लहानशा जिवाची रोज काळजी घेण्याची सवय त्यांना लागावी, हा हेतू असेल, तर तीच पेटी घरातील मकतब होऊ शकते. अशा घरी सुरुवात एकदोन सशक्त, पैदास केंद्रात वाढलेल्या माशांपासून व्हावी. आधी पाणी स्थिर होऊ द्यावे, मग जीव आणावा. सांभाळण्याची ऐपत, वेळ किंवा ज्ञान नसेल, तर पेटी न घेणे हाही सौंदर्याचा आदरच आहे.

बंधुभगिनींनो, काच पारदर्शक असते. तिच्यातून आपण मासा पाहतो, आणि त्या माशाशी आपण कसे वागतो हे अल्लाह पाहतो. ज्याच्याजवळ तक्रार करायला आवाज नाही, त्याची बाजूही निवाड्याच्या दिवशी ऐकली जाईल. आपल्या हाती सोपविलेल्या प्रत्येक जिवाची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.