परक्या नगरीतील शेजार

भाविकहो, आपल्या पूर्वजांनी चाकरीनिमित्त परमुलखात बिऱ्हाडे मांडली. आजही बदलीवर गेलेल्या मुलाचा निरोप येतो, “येथे आपले कोणी नाही.”

भगिनी निवेदिता स्वामी विवेकानंदांच्या कार्यासाठी १८९८ च्या जानेवारीत कलकत्त्यास आल्या, तेव्हा त्यांची स्थिती याहून बिकट होती. भाषा परकी, आचार परका, त्यात राज्यकर्त्यांचा वर्ण! बागबाजारातील बोसपाडा गल्ली तर सोवळ्याओवळ्याची. (आपल्या आज्यांनी तरी निराळे काय केले असते?) श्रीशारदादेवींनी मात्र त्यांस आपल्यासवे जेवावयास बसविले. असा आधार लाभणे हे भाग्यच. पण गुरुगृही छप्पर मिळते, शेजार आपण जोडावा लागतो. निवेदितांनी त्याच नोव्हेंबरात गल्लीत मुलींची शाळा काढली. तरी दारे सहजी उघडली नाहीत.

१८९९ मध्ये प्लेग आला. रामकृष्ण मिशनच्या सफाईकार्यात स्वामी सदानंदांसह त्या वस्त्यावस्त्यांतून हिंडू लागल्या. एकदा गल्ली झाडावयास माणसे मिळेनात. कोणास दोष न देता त्यांनी स्वतःच खराटा उचलला. ते पाहून मोहल्ल्यातील तरुण शरमले, घराबाहेर आले, आणि तो खराटा त्यांच्या हातून मागून घेतला.