दिवा विझण्यापूर्वी



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने डोळ्यास दिव्याची उपमा दिली आहे. त्या वचनाचा आत्मिक अर्थ आपण पुष्कळदा ऐकला आहे. परंतु उपमा ज्या वस्तूची, ती वस्तूही देवाचेच देणे होय. यास्तव आज आम्ही देहाच्या ह्या दिव्याविषयी चार शब्द सांगतो.

रत्नागिरीकडील एका खेड्यात आमच्या परिचयाचे एक वृद्ध उपदेशक आहेत. काही वर्षांमागे जांभ्या दगडाची पाखाडी उतरताना त्यांचा खांदा वारंवार गडग्यास घासू लागला. बाजूने आलेला मनुष्य त्यांस दिसेना, आणि मास्तर आता सलामही घेत नाहीत, असे लोक बोलू लागले. तथापि शास्त्र ते स्वच्छ वाचीत. म्हणून डोळ्यांविषयी कोणास संशय आला नाही. पुढे अक्षरेही अंधुक झाली, तेव्हा घरच्यांनी मोतीबिंदू ठरवला आणि तो पिकू द्यावा म्हणून दोन पावसाळे घालवले. अखेर नेत्रवैद्याने पाहिले, तो काचबिंदू निघाला. एक डोळा गेला होता. दुसऱ्याने नळीतून पाहावे तितकेच दिसत होते. मास्तरांनी विचारले, "गेलेले परत येईल काय?" वैद्य म्हणाले, "गेलेले येणार नाही. उरलेले राखता येईल."

ह्या दोन रोगांतील भेद प्रत्येक घरी माहीत असावा. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवले म्हणजे बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू मरते. डोळ्याच्या आत एक पाणी सतत झरते व बारीक वाटेने निघून जाते. ती वाट अडली म्हणजे आतील दाब वाढतो व त्या नसेस इजा होते. प्रथम कडेची दृष्टी जाते, समोरची शेवटी. बहुतेकांस दुखत नाही, डोळा लालही होत नाही. चोर मागल्या दाराने शिरतो, आणि धनी पुढल्या दारी निश्चिंत बसलेला असतो!

म्हणून चिन्हांची वाट न पाहता चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने डोळे तपासून घ्यावेत. ज्याच्या आईबापांस किंवा भावंडांस हा रोग आहे, ज्यास मधुमेह आहे, ज्याचा चष्मा मोठ्या उणे नंबराचा आहे, अथवा ज्याने स्टेरॉइडचे औषध पुष्कळ दिवस घेतले आहे, त्याने तर मुळीच विलंब करू नये. डोळा लाल झाला म्हणून दुकानातून मनानेच थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास त्यानेच दाब वाढतो. तपासणीत दाब मोजतात, बाहुली रुंद करून मागील नस पाहतात, व कडेचे किती दिसते हेही पाहतात. केवळ दाब मोजून भागत नाही. कित्येकांची नस दाब साधारण असूनही बिघडते.

ह्या रोगाचा एक प्रकार मात्र एकाएकी येतो. डोळा अतिशय ठणकतो व लाल होतो, डोके दुखते, उलटी होते, दृष्टी धूसर होते, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात. अशा वेळी पित्त झाले म्हणून घरी निजू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. थोड्या वेळाच्या हयगयीने डोळा जातो.

कोणी म्हणेल, आम्ही प्रार्थना करू, औषध कशास? बंधूंनो, योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाच्या डोळ्यांस प्रभूने चिखल लावला आणि त्यास शिलोहाच्या तळ्यावर धुण्यास पाठवले. तो चाचपडत गेला, आणि पाहत परत आला. जाण्याचे श्रम त्याच्या विश्वासाचाच भाग होते. लूक हा वैद्य होता, हे पौलाने कलस्सैकरांस लिहिलेच आहे. आपल्या ह्याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्यास, जे 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते, मिशनचे डॉक्टर रॉबर्ट गोहीन ह्यांनी रुग्णांची सेवा केली. आणि घाटावर मिरजेस डॉक्टर विल्यम वानलेस ह्यांनी 1894 साली रुग्णालय उघडले. त्यांनी प्रार्थना व शस्त्र ह्यांत वैर मानले नाही; आपणही मानू नये.

उपचार बहुधा थेंबांचा असतो, आणि तो जन्मभर चालतो. कित्येकांस लेसर किंवा शस्त्रक्रिया लागते. थेंबांनी दृष्टी वाढत नाही, म्हणून पुष्कळ लोक ते सोडून देतात. आणि घात होतो तो येथेच. ते दृष्टी वाढवण्यासाठी नाहीत, राखण्यासाठी आहेत. थेंब घालताना खालची पापणी किंचित ओढावी, एकच थेंब सोडावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध असल्यास मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. दमा असेल तर वैद्यास आधीच सांगावे. काही थेंब दमेकऱ्यास बाधतात. आंबा-काजूचा हंगाम आहे किंवा लावणी आली आहे, म्हणून तपासणीची तारीख चुकवू नये.

उपदेशक बंधूंनो, घरोघर जाता तेव्हा कोणी उंबऱ्यास अडखळतो, कोणी बाजूचा पेला लवंडतो, हे प्रेमाने पाहा, आणि त्यास एकट्याने जा असे न सांगता बरोबर जा. बार्तीमयास गप्प करणारे पुष्कळ होते. नंतर धीर देऊन उठवणारेही त्याच गर्दीतले होते. आपण कोणत्या बाजूस उभे राहणार?

त्या मास्तरांच्या घरी आता सकाळच्या व संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर नात त्यांच्या डोळ्यात थेंब घालते. उरलेली दृष्टी टिकली आहे. मास्तरांनी हट्ट धरून दोन्ही मुलांस तपासणीस धाडले. धाकट्यात रोगाचा आरंभ सापडला, आणि वेळीच औषध सुरू झाल्याने त्याची दृष्टी आजवर शाबूत आहे. मास्तर आम्हांस म्हणाले, "माझा दिवा मी उशिरा सांभाळला, माझ्या मुलाचा वेळेवर सांभाळला गेला, ह्याबद्दल देवाचे आभार."

दहा कुमारींपैकी पाच जणींनी तेलाची काळजी आधी घेतली होती. तीच जागरूकता प्रभू आपल्या देहाविषयी व आत्म्याविषयी आपणां सर्वांस देवो. आमेन.