साहेबांचा नंबर

नागपुरात झिरो माइलजवळच्या गोवारी शहीद स्मारकापाशी सकाळी फिरायला येणारे दोघे. एकाचं बर्डी (सीताबर्डी) मेन रोडवर कापडाचं दुकान, दुसरे निवृत्त मास्तर. ओळख जुनी आणि वादही जुना.

दुकानदार: मास्तर, माझ्या पायरीलाच ठेला लागून राहिला. गिऱ्हाईक आत येईल कसं? महापालिकेतल्या साहेबांना फोन केला, दुपारपर्यंत गाडी येऊन सामान उचलून गेली. नागरिकाने जाब विचारावा म्हणता ना? मी विचारला.

मास्तर: विचारलात आणि दुपारपर्यंत गाडी आली. हे स्मारक ज्यांचं आहे, त्यांना काय करावं लागलं? 23 नोव्हेंबर 1994, हिवाळी अधिवेशन चालू. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी विधानभवनाकडे निघाले. मोर्चा वाटेत अडवला. दिवसभर एकही मंत्री भेटायला आला नाही. संध्याकाळी लाठीमार आणि चेंगराचेंगरी. 114 जीव गेले, त्यात बहुतेक बाया नि लेकरं. पुढच्या वर्षी विशेष मागास प्रवर्गाच्या दोन टक्के आरक्षणात जागा मिळाली. जे मागितलं होतं ते 2018 मध्ये हायकोर्टाने दिलं आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून घेतलं.

दुकानदार: वाईटच झालं ते. पण माझं ऐकतात हा माझा गुन्हा आहे का? त्यांचं ऐकत नाहीत म्हणून मीही मुकं होऊन बसू?

मास्तर: मुके नका होऊ. मागता काय ते बघा. 2014 चा पथविक्रेता कायदा सांगतो, आधी सर्वेक्षण करा, विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्या, तोवर कुणाला हटवू नका. तुमचा एक फोन या साऱ्याला वळसा घालून जातो.

दुकानदार: तुमची पेन्शन एक तारखेला जमा होते, मास्तर. ठेल्यावालीला भाडं नाही, जीएसटी नाही. मी कर भरतो, चार पोरांचे पगार करतो. न्याय तुमचा आणि बिल माझ्या गल्ल्यावर!

हा टोला वर्मी बसला. स्वतःचं काही पणाला न लावता उदार होणाऱ्यांत आम्ही लिहिणारेही आलोच. मास्तर थोडं चालून मगच बोलले.

मास्तर: मान्य. पण एक सांगा. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नाही, नुसता प्रशासक. निवडणूक घ्या म्हणून बर्डीवर किती शटर खाली आली?

दुकानदार: कायले येतील? कामं तर होऊन राहिली होती.

मास्तर: तुमची. तुमच्याकडे साहेबांचा नंबर होता. ठेल्यावालीकडे फक्त मत होतं, आणि चार वर्षं ते मागायलाच कोणी आलं नाही.

दुकानदार: नगरसेवक असताना तरी तिचं कोण ऐकत होतं? पाच वर्षांतून एकदा हात जोडून यायचा.

मास्तर: एकदा तरी यायचा. प्रशासकाला तेवढीही गरज पडत नाही. कारभार बिघडला की पहिला चटका तिला बसतो, तुम्हाला तर पत्ताही लागत नाही. म्हणून ओरडायचं काम तुमचं जास्त. तिने दिवसभर ओरडायचं म्हटलं तर तिचा धंदा बुडतो.

दुकानदार: मग काय, माझ्याच दुकानावर मोर्चा आणू?

मास्तर: फोनच करा. फक्त प्रश्न बदला. सर्वेक्षण कुठवर आलं, जागा कोणत्या ठरल्या, ते विचारा.

दुकानदार: आणि जागा माझ्याच दुकानासमोर निघाली तर?

मास्तर: नगर पथविक्रेता समितीत हरकत घ्या. आयुक्त तिचे अध्यक्ष. किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि व्यापारी संघटनांनाही तिथे जागा आहे. तिथे ती ठेल्यावाली तुमच्यासमोर बसलेली असेल.

दुकानदार: म्हणजे तिथे माझ्या शब्दाला तिच्याएवढंच वजन!

मास्तर: तेवढंच.

दुकानदाराला हे पटलं नाही, आणि त्याचा गल्ला बघता ते एका सकाळीत पटावं अशी अपेक्षाही नाही. पण महापालिकेत आता निवडून आलेली माणसं आहेत. बर्डीवर ज्यांची दुकानं आहेत, आणि त्याच फुटपाथवर घासाघीस करून जे खरेदी करतात, त्यांनी आपापल्या नगरसेवकाला सर्वेक्षणाचं काय झालं ते विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं.