अस्मानी की सुलतानी?

इंग्रज माणूस वादळाला नावं फार पूर्वीपासून ठेवत आला आहे. नाव मात्र त्यानं २०१५ साली ठेवलं. त्या वर्षी ब्रिटन आणि आयर्लंड या दोन देशांच्या हवामान खात्यांनी मिळून ठरवलं की, यापुढे मोठ्या वादळांचं रीतसर बारसं करायचं. लोकांकडून नावं मागवली, इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं यादी केली आणि एक बाईचं, एक पुरुषाचं अशी पाळी लावून दिली. कारण असं सांगितलं की, नाव असलं म्हणजे लोकांना इशारा लक्षात राहतो. ते खरंच आहे. 'कमी दाबाचा पट्टा सरकतो आहे' असं ऐकलं तर माणूस फार तर छत्री घेऊन बाहेर पडतो. 'डेझ्मंड येतोय' म्हटलं की तो दार लावून घेतो, कोणीतरी उधारी वसूल करायला येत असल्यासारखा.

पण आम्हांला वाटतं, या बारशामागे आणखी एक गरज असावी. नुकसान झालं की माणसाला कोणाला तरी बोल लावायचा असतो. हवेच्या दाबाला शिव्या देता येत नाहीत. डेझ्मंडला देता येतात.

त्या वर्षीच्या डिसेंबरात अशा शिव्या देण्याची सोय भरपूर झाली. डेझ्मंड, इव्हा आणि फ्रँक हे तीन पाहुणे एकाच महिन्यात लागोपाठ आले. डेझ्मंड ५ तारखेला आला. इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात हॉनिस्टर नावाची खिंड आहे. तिथे २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला. २४ तासांत इतका पाऊस ब्रिटनमध्ये त्याआधी कधी मोजलाच गेला नव्हता. महिनाअखेर सगळ्या देशाचा हिशेब झाला तेव्हा १९१० पासूनच्या नोंदींत हा सर्वांत ओला महिना ठरला. वर सर्वांत उबदार डिसेंबरही हाच. नाताळला बर्फ पडेल म्हणून खिडकीत बसलेल्या पोरांच्या वाट्याला चिखल आला.

३४१ हा आकडा वाचून मुंबईकर वाचक गालात हसेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाहिलेला माणूस तो! पण हसू नये. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, पूर सवयीनं मोजावा लागतो. आपली गटारं, आपल्या चपला आणि आपली मनं चार महिन्यांच्या पावसाळ्याला सरावलेली आहेत. तरी दरवर्षी तुंबायचं ते तुंबतंच. तिकडे नोव्हेंबरातच जमीन पाणी पिऊन तट्ट झाली होती. वरून पडलेलं सगळं पाणी आखूड, उताराच्या ओढ्यांतून थेट गावांत उतरलं. पूली ब्रिज नावाच्या गावातला १७६४ सालचा दगडी पूल, ज्यावरून गावाचं नाव पडलं, तोच वाहून गेला. गाव राहिलं, नाव राहिलं, पूल गेला. कार्लाइल शहरात २००५ च्या पुरानंतर कोट्यवधी पौंड खर्चून संरक्षक भिंती बांधल्या होत्या. पाणी त्यांच्यावरून आत आलं. लँकेस्टर शहरात विजेच्या उपकेंद्रात पाणी शिरलं आणि साठ हजारांच्या आसपास घरं-दुकानं अंधारात गेली.

आपल्या भाषेत संकटांचे दोन जुने वर्ग आहेत: अस्मानी आणि सुलतानी. आकाशातून येतं ते अस्मानी आणि राज्यकर्त्याकडून येतं ते सुलतानी. अस्मानीला हात जोडायचे, सुलतानीविरुद्ध ओरडायचं, ही आपली वहिवाट. दोन्ही एकदम आली तर एका हातानं नमस्कार आणि दुसऱ्या हातानं अर्ज. ही विभागणी आम्हांला आजवर फार सोयीची वाटत आली होती. यॉर्कची हकिकत वाचली आणि पंचाईत झाली.

यॉर्क शहरात दोन नद्या भेटतात. ऊझ थोरली, फॉस धाकटी. थोरलीला पूर आला की तिचं पाणी उलटं धाकटीत शिरायचं आणि धाकटीच्या काठची घरं बुडायची. १९८२ च्या पुरानंतर संगमाशी एक भलं मोठं दार बांधायचं ठरलं, आणि १९८७ पासून ते कामाला लागलं. थोरली फुगली की दार खाली सोडायचं. आता धाकटीचं स्वतःचं पाणी दाराआड तुंबणार, म्हणून ते पंपांनी उपसून पलीकडे थोरलीत टाकायचं. थोरल्या जावेनं अंगावर येऊ नये म्हणून धाकटीनं मधलं दार लावून घ्यावं आणि आपला केर खिडकीतून टाकावा, तशी ही व्यवस्था. तिनं पुष्कळ वर्षं चांगलं काम केलं.

२६ डिसेंबर २०१५ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, धाकटीलाच असा पूर आला की तिचं पाणी पंपघरात शिरू लागलं. विजेची यंत्रणा भिजली असती तर पंप बंद पडले असते आणि दार खालीच अडकून बसलं असतं. मग मागे तुंबलेलं पाणी आणखी घरांत घुसलं असतं. आणि दार वर घेतलं तर थोरली आत येणार, हे तर उघडच होतं. म्हणजे दार लावलं तरी पूर, उघडलं तरी पूर. ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनी हिशेब केला आणि दार वर घेतलं.

शहरात सहाशेच्या वर घरं आणि दुकानं पाण्यात गेली. ती सगळीच काही त्या दारामुळे नाहीत. पण फॉसकाठच्या माणसानं सोफा रस्त्यावर वाळत घालताना काय विचारलं असेल, हे सांगायला नको. पाऊस पडला म्हणून आम्ही बुडालो, की दार उघडलं म्हणून आम्हांला बुडवलं? ही अस्मानी की सुलतानी?

तत्त्वज्ञान शिकलेल्यांना हे कोडं ओळखीचं वाटेल. १९६७ साली फिलिपा फूट या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंनी ते मांडलं. एक ट्राम सुसाट सुटली आहे. समोरच्या रुळावर पाच माणसं काम करताहेत, बाजूच्या फाट्यावर एक. ड्रायव्हरला ट्राम फक्त वळवता येते. त्यानं काय करावं? पाच वाचवण्यासाठी एकाला चिरडावं, की जे होतंय ते होऊ द्यावं? या ट्रामवर तेव्हापासून इतकं लिहिलं गेलं आहे की तेवढ्या कागदात एक खरी ट्राम गुंडाळता येईल.

आम्ही हे कोडं घरी जेवताना सांगितलं. उद्देश एवढाच की, आमटीबद्दलची चर्चा थांबावी. आमच्या हिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ट्रामचे ब्रेक गेले कसे?"

"अगं, ते कोड्यात नाही."

"नाही कसं? पाच माणसं रुळावर पाठवली ती कोणी? आणि ट्राम दुरुस्तीला शेवटची केव्हा नेली होती? ते विचारायचं सोडून त्या बिचाऱ्या ड्रायव्हरच्या मागे काय लागलाय?"

तत्त्वज्ञ मंडळी म्हणतील, बाईंना कोडं कळलं नाही. आमचं मत असं झालं आहे की, कोडं त्यांना एकटीलाच कळलं. यॉर्कला पुढे काय झालं ते पाहा. पूर ओसरल्यावर त्या पंपघरातली विजेची यंत्रणा पुराच्या पाण्याला गाठता येणार नाही इतकी उंच बसवली आणि पंपही जास्त ताकदीचे आणले. म्हणजे दार उघडायचं की नाही, हा प्रश्न जरी नाताळच्या दुसऱ्या दिवशी उभा राहिला, तरी त्याचं निम्मं उत्तर आधीच्या कोरड्या वर्षांत देऊन झालं होतं. विजेची पेटी खाली राहू दिली तेव्हा पाऊस पडत नव्हता. बहुधा छान ऊन पडलं असेल, बैठकीत चहा-बिस्किटं झाली असतील, खर्चाचा आकडा कोणाला तरी जास्त वाटला असेल. अशा बैठकींना कोणी वादळाचं नाव देत नाही.

तरी माणसाचा राग कोणत्या तरी चेहऱ्याच्या शोधात असतोच. पूरनियंत्रण सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचे अध्यक्ष, उत्तर इंग्लंड बुडत असताना, बार्बाडोसला सुट्टीवर होते. डेझ्मंडचं बाष्प कॅरिबियनच्या बाजूनं आलं होतं. तेव्हा पाऊस तिकडून इकडे आणि साहेब इकडून तिकडे, असा देवघेवीचा प्रकार लोकांना दिसला. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते त्या दिवशी चिखलात उभे असते तर पाणी एक इंचही उतरलं नसतं. पण पाणी उतरवणं आणि पाण्यात उभं राहणं ही दोन वेगळी कर्तव्यं आहेत, आणि लोक दुसऱ्याचीही नोंद ठेवतात.

आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर राहतात. सगळी सोसायटी त्यांना नाना म्हणते. पावसाळ्यात त्यांचा भाव वाढतो, कारण 'आज धरणातून किती सोडलं?' हा प्रश्न 'जेवण झालं का?' इतकाच घरोघरी चालू असतो, आणि क्यूसेक म्हणजे नेमकं किती हे एकट्या नानांना माहीत असतं. यॉर्कची गोष्ट त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. नाना गप्प राहणं हीच आमच्याकडे धोक्याची पातळी.

मग म्हणाले, "एकदा असंच सोडावं लागलं होतं. धरण भरलेलं, वरून येवा चालूच. नाही सोडलं तर पुढे एकदम सोडावं लागणार आणि खालचं शहर जाणार. म्हणून थोडं थोडं सोडायला लागलो. मध्ये एक वस्ती होती, तिच्यात पाणी जाणार हे ठाऊक होतं. सांगायला मीच गेलो. एक आजी भांडी बांधत होती. मला म्हणाली, 'सायेब, आमच्याच घरात का?' मी तिला सगळं समजावून दिलं. आजी, इथे वीस घरं आहेत, खाली शहरात हजारो आहेत. तिनं ऐकलं. म्हणाली, 'बरं. मग त्या शहरातल्यांना सांगितलंत का?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? शहरातल्यांना काय सांगायचं असतं हो! त्यांच्याकडे पाणी आलंच नाही ना."

आजीनं नानांच्या हिशेबात चूक काढली नव्हती. वीस आणि हजार यांतला फरक तिला कळत होता. तिनं फक्त हिशेबाची दुसरी बाजू विचारली होती. तिच्या घरात शिरलेलं पाणी कोणाच्या तरी घरात शिरलं नव्हतं, आणि त्या कोणाला तरी याचा पत्ताच नव्हता. आपण कोरडे राहिलो की आपण त्याला नशीब म्हणतो, देवाची कृपा म्हणतो, किंवा वरच्या मजल्यावर फ्लॅट घेण्याची दूरदृष्टी म्हणतो. दुसऱ्याच्या अंगणात आपलं पाणी साठलेलं असू शकतं, हे आपल्या डोक्यातही येत नाही.

पाणी सोडणाऱ्या माणसाला हार घालू नये आणि चपलाही मारू नयेत; त्यानं आजीच्या दारात स्वतः जाऊन सांगावं, एवढं त्याच्याकडे मागावं. नानांनी ते केलं होतं. पण उरलेलं देणं त्यांचं एकट्याचं नाही. ते कोरड्यांचं आहे, आणि ते फेडायची रीत माणसाला सुचत नाही असंही नाही. ब्रिटनमध्येच एप्रिल २०१६ पासून 'फ्लड री' नावाची योजना सुरू झाली. घरांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडून दरवर्षी वर्गणी घेतात आणि तिच्यातून पूरकाठच्या घरांना परवडेल असा विमा मिळतो. कंपन्या अर्थात ती वर्गणी पदरची घालत नसणार. म्हणजे टेकडीवर राहणारा माणूसही, ज्याच्या दारात नदी सात जन्मांत येणार नाही, नकळत काठावरच्याचा थोडा भार उचलतो. नकळत का होईना, उचलतो.

आणि काही जण कळून उचलतात. त्याच नाताळात हेब्डन ब्रिज हे यॉर्कशायरमधलं छोटं गाव पाण्यात गेलं, तेव्हा लंडनजवळच्या स्लाउ गावातून शीख स्वयंसेवक शेकडो मैल गाडी हाणत मदतीला पोचले. त्यांच्यासाठी कोणी दार उघडलं नव्हतं, त्यांच्यामुळे कोणी बुडलं नव्हतं. हिशेबानं त्यांचं काहीच देणं लागत नव्हतं. ते कोरडे होते, एवढं कारण त्यांना पुरलं.

नानांना आम्ही विचारलं, ती आजी पुढे भेटली का? म्हणाले, "भेटली. दुसऱ्या वर्षी तिनं मला विचारलं, यंदा किती सोडणार? मी आकडा सांगितला. ती म्हणाली, चार दिवस आधी सांगा, कोंबड्या हलवायच्या असतात."